गोडाचं पाणी

आमच्या ओसरीवर पाच कुंड्या होत्या. वैशाखी पौर्णिमेच्या ग्रहणानंतर आठवड्याच्या आत त्यांतल्या चार वाळल्या. झाडे वाळतात, त्यात लिहिण्यासारखे काही नाही. पण त्या चारांत एक तुळस होती आणि घरातल्या एका बाईचे कुंकू त्या तुळशीवर अवलंबून होते. म्हणून ती कशाने वाळली हे शोधणे भाग पडले.

मी तेव्हा पुण्यात एका सरदाराच्या फडावर, म्हणजे त्याच्या दप्तरात, बातमीपत्रे लिहीत असे. ठिकठिकाणचे जासूद लाखोटे आणत, मी ते फोडून त्यांचा गोषवारा करत असे. हे काम ज्यांनी शिकवले त्यांचा एकच नियम होता. लिहिणाऱ्याने पाहिले असेल तर 'पाहिले' लिहायचे, कोणाकडून कळले असेल तर 'ऐकले', आणि बाजारात नुसते बोलले जात असेल तर 'म्हणतात'. या तिन्हींत न बसणाऱ्या गोष्टीसाठी चौथा शेरा होता, 'खबर नाही'. नवे कारकून हा शेरा लिहायला लाजत, आपली चाकरी फुकट गेली असे त्यांना वाटे. माझ्या हातून तो सर्वांत जास्त वेळा लिहिला गेला आहे.

माझा धाकटा भाऊ उत्तरेच्या मोहिमेवर एका पथकाचा कारकून म्हणून गेला. वाघोलीच्या मुक्कामापर्यंत मी त्याला पोचवायला गेलो होतो. तिथे त्याने लिहायच्या टाकांचे जुडगे घरी विसरल्याचे सांगितले आणि माझ्याकडचे दोन टाक मागून घेतले. पुढच्या वर्षी मोहीम बुडाली. परत आलेल्यांपैकी एक शिलेदार म्हणाला, तो नदीपाशी जिवंत होता असे त्याच्या मेहुण्याने पाहिले. दुसरा म्हणाला, तो छावणीत पडलेला होता असे कोणीतरी सांगितले. मेहुणा परत आला नव्हता आणि 'कोणीतरी' कोण ते त्याला आठवत नव्हते. मी घरी सांगितले, खबर नाही.

हे ऐकणाऱ्या घरात दोन बाया होत्या. एक आमची आई. दुसरी भावाची बायको, जिला सगळे धाकटी म्हणत. पुढे माझी पहिली बायको वारली, दुसरी आली आणि ती वयाने धाकटीपेक्षा लहान होती. तरी धाकटीचे नाव धाकटीच राहिले आणि माझी बायको नवी झाली.

भाऊ निघाला त्या दिवशी धाकटीने एका कुंडीत तुळशीचे रोप लावले होते. परसात वृंदावन होतेच, ही तुळस वेगळी. ती भावाच्या नावाची. ओसरीवर, दरवाजाच्या अगदी लगत तिने ती ठेवली. रोज सकाळी पाणी, संध्याकाळी कोनाड्यात पणती. मोहीम बुडाल्याची बातमी आली तेव्हा आळीतल्या बायका भेटायला आल्या. त्यांनी आधी तुळशीकडे पाहिले आणि मग धाकटीकडे. "हिरवी आहे ना? मग आहे तो कुठेतरी," असे त्या म्हणाल्या. धाकटी मान हलवत असे. आईही हलवत असे. झाडाने सांगितलेली बातमी फडावर मी घेतली नसती. घरात मी काही बोललो नाही. त्या तुळशीच्या आधारावर घर दोन वर्षे चालले होते.

आईची अडचण वेगळी होती. दर संध्याकाळी मी फडावरून आलो की पाय धुवायच्या आत ती विचारी, "काही खबर?" मी नाही म्हटले की ती आत जाई. आशा धरून विचारते असे मला आधी वाटले. नंतर तिने एकदा सांगितले.

"गेला असेल तर त्याला पाणी द्यायला हवं. दोन वर्षं झाली, कुणी एक ओंजळ सोडलेली नाही. तहानेला उभा असेल तो."

"आणि नसेल गेला तर?"

"तर जिवंत माणसाला पाणी द्यायचं पाप लागेल. मला कळतं ते. म्हणून तर विचारते तुला रोज."

म्हणजे एकीला तो जिवंत असायला हवा होता. दुसरीला काय ते एकदा ठरायला हवे होते. ते ठरले तर धाकटीचे कुंकू पुसले जाणार, बांगड्या फुटणार, न्हावी येणार आणि तिला आलवण नेसावे लागणार. हे घरात कोणी बोलत नव्हते, पण सगळ्यांना माहीत होते. तिचे केस लांब होते. त्या दोन वर्षांत ती ते कोणासमोर विंचरत नसे.

आमच्या घरात दिवे लागल्यावर काही शब्द उच्चारायचे नाहीत अशी रीत होती. सापाला लांबडे म्हणत. सुईला टोचणी. मिठाला गोड. तिन्हीसांजेला मीठ म्हटले की लक्ष्मी उठून जाते, असे आई सांगे. देशावरच्या पुष्कळ घरांत असे काही ना काही असते. घरचे लोक त्याकडे लक्षही देत नाहीत. ताटात मीठ कमी असले तर आम्ही "गोड वाढ" म्हणत असू आणि कोणी गूळ आणत नसे.

नवी चैत्रात नांदायला आली. तिचे घराणे मूळचे आमच्यासारखेच देशावरचे, पण तीन पिढ्या किनाऱ्यावर होते. तिचा बाप एका मिठागरावर कारकून होता. तिकडे विहीर खणली तर खारे पाणी लागते. गोडे पाणी दूरच्या एका विहिरीवरून डोक्यावर आणावे लागे आणि ते ती लहानपणापासून आणत आली होती. गोडे पाणी सांडले तर मार बसतो, हे तिने आल्या आल्याच धाकटीला सांगितले होते. इथे हौदावर वाहते पाणी पाहून ती पहिल्या दिवशी तिथे नुसती उभी राहिली होती.

ग्रहणाच्या दिवशी चंद्र ग्रासलेलाच उगवला. दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात मोक्ष झाला. ग्रहणात साठवलेले पाणी ओतून टाकायचे असते. दुधावर, लोणच्याच्या बरण्यांवर आईने दर्भ ठेवले होते, ते वाचले. बाकीच्या घागरी रिकाम्या करायच्या होत्या. गल्लीत "दे दान, सुटे गिराण" असा ओरडा चालू होता. मी नदीवरून स्नान करून आलो तेव्हा बायकांची धावपळ चालली होती आणि मी त्यांच्या वाटेतून बाजूला झालो. त्या संध्याकाळचे मी स्वतः पाहिलेले एवढेच.

तीन दिवसांनी तुळशीच्या पानांच्या कडा तांबूस झाल्या. मग पाने काळी पडून गळाली. तिच्या शेजारचा मरवा, मोगरा आणि शेवंती यांची तीच गत झाली. पाचव्या कुंडीतली अबोली, गल्लीच्या टोकाकडची, जशीच्या तशी होती. माती चाचपली तर ओली. धाकटी पाणी घालतच होती, उलट जास्त घालत होती. पाणी घालावे तसे झाड वाळत होते.

आळीतल्या बायका पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी तुळशीकडे पाहिले आणि धाकटीकडे पाहिलेच नाही. त्यांतली एक मागे रेंगाळली आणि आईला हळू आवाजात म्हणाली, "बाहेरची असताना शिवली असेल हो. विचारा तरी."

"शिवली असती तर अबोली कशी राहिली? त्या टोकापर्यंत जाऊन विटाळ दमला काय?" आई म्हणाली. शेजारीण गेली. पण आईला विटाळाचा संशय नव्हता याचे कारण तिचे मत आधीच ठरले होते. दुसऱ्या दिवशी तिने उपाध्यांकडे निरोप पाठवला. एकादशी झाली की द्वादशीला येतो, असे त्यांनी कळवले. निरोप काय होता ते आईने मला सांगितले.

"त्याची तुळस गेली. ग्रहण लागलं आणि गेली. आता आणखी काय चिन्ह हवं? विधी करायचा."

"शास्त्रात बेपत्ता माणसाला बारा वर्षं आहेत."

"चिन्ह नसेल तर बारा. हिरवी होती तोवर तुम्ही सगळे मला म्हणालात, हिरवी आहे. मी मानलं. आता वाळली तर मानायचं नाही?"

धाकटी तोवर जिला खूण म्हणत आली होती, तीच खूण आता तिच्याविरुद्ध साक्ष देत होती. ती स्वयंपाकघरात बसून राहिली. नवीने तिच्यासमोर ताट ठेवले, ते तिने तसेच परत दिले.

मी झाडे तपासायला लागलो ते एवढ्यासाठी, की द्वादशीला उपाध्ये विचारतील तेव्हा सांगायला काही हवे. मरव्याची कुंडी उपडी केली. मुळे शाबूत होती, हुमणी लागलेली नव्हती. उंदरांनी उकरल्याच्या खुणा नव्हत्या. ऊन म्हणावे तर अबोलीवर सर्वांत जास्त पडत होते. माती सगळ्या कुंड्यांत एकच, कोथरूडच्या मळ्यातून एका गाडीवानाने आणून दिलेली. समोरच्या घरातले जुने फडणीस तंबाखू मळून उरलेला चुना कुठेही झटकत, म्हणून त्यांना विचारले.

"चुना होय?" ते म्हणाले. "पुण्यात चुना लावतात तो माणसांना हो. झाडांना कोण लावतोय?" मला कुंड्यांपाशी बसलेला पाहून पुढे म्हणाले, "काय अखबारनवीस, आता झाडांच्याही बातम्या जातात वाटतं सरदारांकडे? काय लिहिणार? मोगरा कामास आला, शेवंती जखमी?"

मी अबोलीचे ठाणे कायम आहे, असे सांगितले. ते हसले. मग त्यांची नजर तुळशीवर गेली. ते थांबले आणि आत गेले. त्यांचाही एक पुतण्या त्याच मोहिमेवर होता.

पण एक गोष्ट सगळ्यांना दिसत होती. फडणिसांची गाय सकाळी रानात जाताना आणि गोरजवेळी परतताना आमच्या ओसरीशी थांबू लागली होती. ती तुळशीच्या कुंडीला जीभ लावी आणि हाकलले तरी हलत नसे. आळीत याचा अर्थ लागला होता. गाईला कळले, ती भावाच्या तुळशीचा निरोप घेते आहे. दोघीतिघींनी तिला तिथेच हळदकुंकू लावले. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे पुसले.

एकादशीच्या संध्याकाळी मी फडावरून परतलो तेव्हा गाय तिथेच होती. मी पायरीवर थांबलो आणि ती काय करते एवढेच पाहिले. तुळशीच्या काटक्या तिने हुंगल्यासुद्धा नाहीत. ती कुंडी चाटत होती, बाहेरून, भाजलेली माती. मग मरव्याची कुंडी, मग मोगऱ्याची, मग शेवंतीची. अबोलीला हिरवा पाला होता, पण तिथे ती गेलीच नाही. निरोपच घ्यायचा तर शेवंतीचा कशाला?

तेवढ्यात नवी कोनाड्यात ठेवायला पणती घेऊन आली. तिच्यामागे धाकटी दारात होती. माझ्यासमोर नवी बोलत नसे, तेव्हा मी दाराकडे पाहून विचारले, "या कुंड्यांना बाहेरून हे पांढरं काय आलंय?"

नवीने पणती खाली धरली. कुंडीवर पांढरा, बारीक, खरखरीत थर होता. गाईच्या जिभेने मध्ये मध्ये पुसलेला. जुन्या कुंड्यांवर येतो तसलाच असेल असे समजून मी तो आधी सोडून दिला होता. नवी खाली बसली. तिने नखाने थोडा थर खरवडला, जिभेवर ठेवला आणि धाकटीकडे वळून म्हणाली,

"मीठ."

आतून आईचा आवाज आला. "दिवे लागलेत."

"सासूबाई, मीठ आहे हे."

"दिवे लागलेत म्हटलं ना. गोड म्हणावं."

"गोड कसं म्हणू? मीठच आहे."

आई बाहेर आली. नवी अजून खाली बसलेली होती आणि बोट जिभेला लावून पुन्हा चाखत होती. धाकटी पुढे झाली, वाकली, तिनेही चाखले. मग तिने आईकडे पाहिले. आईने हात पुढे केला नाही. मी चाखून पाहिले. मीठ होते. खात्री करायला अबोलीच्या कुंडीचीही माती चाखली, ती नुसती माती होती.

"तुळशीत हे कुणी घातलं?" आईने विचारले. मीठ हा शब्द तिने घेतला नाही.

पुढचे आम्ही चौघांनी जुळवले. आमच्याकडे मिठाचे खडे मातकट येत. ते पाण्यात विरघळवून, गाळ खाली बसला की वरची निवळ मिठवणी आई एका घागरीत भरून ठेवी आणि आमटी-भाजीला वापरी. नवीला अजून चुलीपाशी घेतलेले नव्हते. ग्रहणात त्या घागरीवर दर्भ ठेवायचा राहिला होता. म्हणून मोक्ष झाल्यावर आईने नवीला सांगितले होते.

"मी म्हटलं, कोपऱ्यातलं गोडाचं पाणी मोरीत ओत," आई म्हणाली.

नवीने मान वर केली. "तुम्ही गोडं पाणी म्हणालात."

"गोडाचं म्हटलं."

"बाहेर ओरडा चालला होता. मला गोडं पाणी ऐकू आलं." तिने हाताने घागरीचा आकार दाखवला. "मोरीत कसं ओतू गोडं पाणी? एवढी घागर भरून. चाखताही येईना, ग्रहणाचं. म्हटलं ओतायचंच आहे तर झाडं तरी पितील. आधी तुळशीला घातलं, तिला जास्त घातलं. मग पुढच्यांना. अबोलीपाशी पोचेतो संपलं."

गोडाचे पाणी म्हणजे आमच्या घरात खारट पाणी. गोडे पाणी म्हणजे तिच्या गावात जीव. मिठागरावर वाढलेल्या मुलीने मिठाचे पाणी आपल्या हाताने झाडांना पाजले, कारण आम्ही मिठाला मीठ म्हणत नव्हतो. त्यानंतर रोज धाकटी जे पाणी घालत होती, त्याने ते मीठ विरघळून मुळांशी जात होते आणि कुंडीच्या अंगातून बाहेर येत होते.

नवी रडायला लागली. तुळस मारल्याचे पाप तिच्या माथी बसणार होते. धाकटीने तिला उठवले आणि आत नेले. आई ओसरीवर तशीच उभी राहिली. गाय निघून गेली होती.

मला वाटले होते, कारण सापडले की प्रश्न मिटेल. फडावर तसे होते. जेवताना आई म्हणाली, "सांगितलं कुणी, ओतलं कुणी, हे कळलं. पण दुधावर, बरण्यांवर दर्भ ठेवला आणि त्या एका घागरीवरच का राहिला? ओरडा त्याच वेळी का झाला? चिन्ह काय आकाशातून पडतं? ते कुणाच्या तरी हातूनच घडतं. माझ्या तोंडून निघालं, हिच्या हातून घडलं."

"मग गाय?"

"गाईचं मी बोलले का काही?"

उपाध्ये द्वादशीला सकाळी आले. ओसरीवर पाटावर बसले. नवीने रात्री धाकटीला काय सांगितले आणि धाकटी काय म्हणाली ते मला माहीत नाही. सकाळी दोघी दाराआड उभ्या होत्या. आईने सगळे सांगितले, मिठासकट, दिवस असल्यामुळे मीठ म्हणून. चिन्हाचा तिचा मुद्दाही सांगितला. उपाध्यांनी वाळलेल्या तुळशीकडे पाहिले.

"मातोश्री, तुळस गेली तर नवी लावावी, त्याला प्रायश्चित्त साधं आहे. पण तुम्ही मला त्यासाठी बोलावलं नाहीत."

"नाही."

ते माझ्याकडे वळले. "तुम्ही बातमी लिहिता. हीच बातमी परक्या घरची असती तर काय लिहिलं असतंत?"

मी सांगितले. "तुळस मिठाच्या पाण्याने वाळली, हे चाखून पाहिले. ओतणारी घरात आहे आणि तिने कबूल केले. भावाची खबर नाही."

"दोन वेगळी वाक्यं?"

"दोन वेगळी."

आई म्हणाली, "हिरवी होती तेव्हा एकच होतं ते वाक्य. तेव्हा नाही कुणी तोडलं."

यावर दाराआडून धाकटी बोलली. दिरासमोर आणि परक्यासमोर ती कधी बोलली नव्हती. आवाज मोठा नव्हता.

"सासूबाई बरोबर म्हणतात. तुळस मिठानं वाळली असेल, तर ज्यांच्या नावानं लावली त्यांची ती खूण नव्हती. मग हिरवी होती तेव्हाही नव्हती. पाणी घातलं म्हणून हिरवी होती." मग ती म्हणाली, "मी आता त्या खुणेवर काही मागत नाही. पण तिच्यावरून कुणी माझं कुंकूही मागू नये."

दोन वर्षे तिने जे धरून ठेवले होते ते तिने स्वतःच टाकून दिले होते. कुंकू राहिले, पण तो कुठेतरी आहे असे सांगणारे घरात काही राहिले नाही. तिला ते कळून ती बोलली होती. आईलाही कळले असावे, कारण ती तिच्याकडे वळली नाही.

उपाध्यांनी पंचा सारखा केला. "मग शास्त्र आहे ते आहे. बारा वर्षं. त्यानंतर पळसाच्या पानांचा देह करून विधी करता येतो."

"तोवर तो कुठे राहील?" आईने विचारले.

उपाध्ये उठले. विधी झाला नाही म्हणून दक्षिणा नको म्हणाले. पायरी उतरताना त्यांनी कुंड्यांना वळसा घातला.

आईने नंतर तो विषय काढला नाही. नवीला बोल लावला नाही. प्रायश्चित्त म्हणून नवीने महिनाभर वृंदावनाला पाणी घातले, एवढेच. पण घरात एक बदल झाला. दिवे लागल्यावर आई मिठाला मीठ म्हणू लागली. का, ते तिने सांगितले नाही. पहिल्या दिवशी तिने जेवताना "मीठ घे" म्हटले तेव्हा माझा हात थांबला. लांबडे आणि टोचणी तशीच राहिली.

संध्याकाळचा प्रश्नही तसाच राहिला. मी फडावरून येई, ती विचारी, "काही खबर?" एकदा मी म्हणालो, उत्तरेतून काही माणसे अजून परत येताहेत, दोन वर्षे कैदेत होती, कोणी सांगावे. ही बातमी 'म्हणतात' या सदरातली होती. आईने मला पुरते बोलू दिले आणि मग म्हणाली, "गोड म्हणू नकोस." तेव्हापासून मी तिला नुसते नाही म्हणत असे. बारा वर्षे पुरी व्हायच्या आधीच ती गेली. शेवटच्या दुखण्यातही तिने विचारले, मी नाही म्हटले, आणि तिने मान भिंतीकडे केली. तिला मी पाणी दिले. भावाला तोवर कोणी दिलेले नव्हते.

ज्या कुंडीत तुळस होती तिच्यातली माती धाकटीने स्वतः उकरून टाकली. त्यात पुन्हा तुळस लावली नाही. अबोलीच्या फांद्या लावल्या, त्या जगल्या नाहीत. कुंडी रिकामी ओसरीवर राहिली आणि उन्हाळ्यात तिच्यावर काही वर्षे पांढरे येत राहिले.

आईचे तेरावे झाल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी फडावरून आलो. ओसरीवर कोणी नव्हते. मी पाय धुतले. आतून नवी आली आणि उंबऱ्याशी थांबली.

"धाकट्या जाऊबाई विचारताहेत," ती म्हणाली, "काही खबर?"

"नाही म्हणून सांग."

त्यानंतर बारा वर्षे भरेपर्यंत रोज नवी तो प्रश्न आणत असे आणि उत्तर नेत असे. मुदत भरली तेव्हा धाकटीनेच उपाध्यांना बोलवायला सांगितले. उपाध्ये तेच होते, थकलेले. विधीच्या दिवशी सकाळी बायका जमायच्या आधी ती मागच्या दाराने नदीवर गेली आणि कुंकू धुऊन आली. बांगड्या तिने नवीकडून उतरवून घेतल्या, फोडू दिल्या नाहीत. न्हावी दुपारी आला. तिच्या केसांत पांढरे आले होते.

मी पळसाच्या पानांच्या देहाला अग्नी दिला आणि भावाला पाण्याची पहिली ओंजळ सोडली. सुतक फिटल्यावर दुसऱ्या दिवशी फडावर गेलो. संध्याकाळी परतलो, पाय धुतले आणि सवयीने उंबऱ्याशी थोडा थांबलो. आत नवी भांडी घासत होती. कोणी काही विचारले नाही.